लिओनार्दोने जेरोमचा गळा आधी का रंगवला?

रोमहून परतलेल्या एका वाचकांनी विचारलं आहे: व्हॅटिकनच्या पिनाकोतेकात, म्हणजे तिथल्या चित्रसंग्रहालयात, लिओनार्दो दा विंचीचं संत जेरोमचं अर्धवट चित्र पाहिलं. गाइडने दोन वाक्यांत गुंडाळून पुढच्या दालनात नेलं. उघडाबोडका म्हातारा हातात दगड घेऊन काय करतोय? समोर सिंह कशाला? चित्र अर्धं का राहिलं, आणि अर्धं असूनही एवढं नावाजलेलं का? त्यांची मुलगी चित्रकला शिकते, तिला याच चित्राची अभ्यासप्रत करायला सांगितली आहे. तिने सुरुवात कुठून करावी?

मी ड्रॉइंग आणि अनॅटॉमी शिकवते, स्वतः रंगवतेही. त्यामुळे उत्तर इतिहासकारापेक्षा चित्रकाराच्या अंगाने जाईल, हे आधीच सांगते.

आधी चित्रात आहे काय ते नीट पाहू, कारण अर्धवट चित्रात निम्म्या गोष्टी नजरेतून सुटतात. अक्रोडाच्या लाकडाची फळी, साधारण १०३ सेंमी उंच आणि ७५ सेंमी रुंद. मधोमध गुडघे टेकलेला हाडकुळा म्हातारा. त्याचा उजवा हात, म्हणजे आपल्या डावीकडचा, बाजूला पुरता ताणलेला, मुठीत दगड. डावा हात छातीशी, अंगावरच्या वस्त्रापाशी. चेहरा आपल्या उजवीकडे आणि वर वळलेला. पायथ्याशी सिंह, शेपटीचा लांब बाक, जबडा उघडा. डावीकडे निळसर-हिरवट डोंगर धुक्यात विरत गेलेले. उजवीकडे खडकाच्या फटीतून दिसणारं एक चर्च, तेही नुसत्या रेघांत. आणि फळीच्या अगदी उजव्या कडेला एक क्रूस आहे. तो इतका पुसट आहे की समोर उभं राहूनही बहुतेकांना दिसत नाही. मग म्हातारा आभाळाकडे बघून कण्हतोय असा समज होतो. प्रत्यक्षात तो क्रुसावरच्या ख्रिस्ताकडे बघतोय, आणि हातातला दगड स्वतःच्या छातीवर मारून घेणार आहे. पापांचं प्रायश्चित्त म्हणून.

आता हा जेरोम कोण? चौथ्या शतकातला माणूस. जन्म स्ट्रिडोनचा, डाल्मेशिया आणि पॅनोनिया या रोमन प्रांतांच्या सीमेवरचा. शिक्षण रोममध्ये. प्राचीन रोमन वक्ता सिसेरोच्या लॅटिनचा भक्त, जिभेला धार, भांडणात पहिला. पुढे पोप दमासस यांचा चिटणीस झाला. नंतर बेथलेहेमला मठात राहून बायबलचं लॅटिन भाषांतर केलं, ज्याला व्हल्गेट म्हणतात. ३० सप्टेंबर ४२० ही त्याच्या मृत्यूची तारीख मानतात, म्हणूनच जागतिक भाषांतर दिन ३० सप्टेंबरला असतो. चित्रकारांना मात्र त्याच्या आयुष्यातला एक छोटा तुकडा जास्त भावला. तिशीच्या आसपास तो सीरियातल्या काल्किसच्या वाळवंटात काही वर्षं एकांतात राहिला. तिथल्या दिवसांबद्दल त्याने ३८४ साली युस्टोकियम नावाच्या तरुणीला लिहिलेल्या पत्रात फार मोकळेपणाने लिहिलं आहे: सोबतीला विंचू आणि श्वापदं, उपासाने शरीर थिजलेलं, आणि मन मात्र रोमच्या नाचणाऱ्या मुलींच्या घोळक्यात. त्यावर उपाय म्हणून ख्रिस्ताच्या पायाशी पडून रडणं आणि छाती बडवून घेणं.

छाती बडवणं त्या पत्रात आहे, दगड नाही. दगड इटलीतल्या चित्रकारांनी पुढे त्याच्या हातात दिला, आणि पंधराव्या शतकात तो पक्का झाला. पोप पाचवे सिक्स्टस यांच्या नावावर एक किस्सा सांगतात, की असं एक चित्र बघून ते जेरोमला म्हणाले, ‘दगड हातात धरलास ते बरं केलंस, नाहीतर तुला कुणी संत मानलं नसतं.’ जेरोमची पत्रं वाचल्यावर या किश्शात दम आहे असं वाटतं. समकालीनांना त्याने ज्या शिव्या हासडल्या आहेत, त्या पाहता दगड त्याने स्वतःलाच मारला हे इतरांचं नशीब.

चित्रांत आणखीही बरीच सरमिसळ आहे. वाळवंटातला खरा जेरोम तरुण होता, आणि अगदी एकटाही नव्हता. ग्रंथसंग्रह बरोबर नेला होता आणि हाताशी नकला करणारे लोक होते. चित्रांतला जेरोम म्हातारा, कारण बेथलेहेमचा वृद्ध विद्वान आणि काल्किसचा तरुण तपस्वी या दोघांना चित्रकारांनी एकत्र केलं. अनेक चित्रांत शेजारी कार्डिनलची, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्याची, लाल टोपी पडलेली दिसते. कार्डिनलांना लाल टोपी मिळाली तेराव्या शतकात, जेरोमनंतर आठशेहून अधिक वर्षांनी. सिंहसुद्धा त्याचा नाही. पायात काटा रुतलेला सिंह, साधूने तो काढला, मग सिंह मठाचं गाढव राखू लागला, गाढव चोरीला गेलं तेव्हा आळ सिंहावर आला, ही गोष्ट मुळात जॉर्डन नदीकाठच्या गेरासिमस नावाच्या साधूची. गेरासिमस आणि जेरोमचं लॅटिन नाव यांत घोटाळा झाला आणि सिंह कायमचा जेरोमच्या दारात येऊन बसला. व्हेनिसच्या डाल्मेशियन लोकांच्या मंडळीसाठी कार्पाच्चोने १५०२ साली रंगवलेल्या चित्रात जेरोम सिंहाला मठात घेऊन येतोय आणि बाकीचे साधू झगे सावरत धूम पळतायत. बघितलं नसेल तर जरूर बघा, रेनेसाँसच्या धार्मिक चित्रांत इतकं खळखळून हसवणारं चित्र सहसा मिळत नाही.

लिओनार्दोच्या काळात फ्लॉरेन्समध्ये जेरोमची दोन रूपं चालत. एक अभ्यासिकेतला विद्वान. घिरलांदायोने १४८० साली ओन्यिस्सांती चर्चमध्ये काढलेलं भित्तिचित्र बघा: मेज, दौती, कागद, मेजाला लटकवलेला चष्मा, फळीवर लाल टोपी, गालावर हात ठेवून आपल्याकडे बघणारे गृहस्थ. दुसरं रूप रानातल्या तपस्व्याचं. त्याला मागणी होती ती साध्यासुध्या भाविकांकडून. शहरात व्यापारी-कारागिरांच्या धार्मिक मंडळ्या होत्या. लोक रात्री जमून प्रार्थना करत, स्वतःला फटके मारून घेत. त्यांतली एक जेरोमच्याच नावाची होती. अशा माणसांना जेरोम आपला वाटायचा, कारण तो जन्मतः पवित्र नव्हता. कास्तान्योने सान्तिस्सिमा अनुन्झियाता चर्चमध्ये काढलेला जेरोम या दुसऱ्या जातीचा आहे. हातात दगड, छाती रक्ताळलेली. बघणाऱ्याला पश्चात्ताप म्हणजे काय ते एका झटक्यात कळतं.

लिओनार्दोचा जेरोम याच घराण्यातला, पण त्याने विषयाची जागा हलवली. बाकीच्यांनी पश्चात्ताप छातीवर दाखवला, जखमेत. लिओनार्दोने तो गळ्यात आणि खांद्यात दाखवला. दगड अजून लागलेलाच नाही. हात मागे जाऊन जिथे थांबतो आणि परत फिरायच्या आत जो क्षण असतो, तो त्याने पकडला आहे. तोल जाईल इतका हात लांब गेलाय, छाती उघडी पडलीय, मान विरुद्ध दिशेला वळलीय, आणि या दोन ताणांच्या मध्ये गळा अडकलाय. रक्त दाखवण्यापेक्षा हे अवघड आहे. रक्त लाल रंगाने होतं. हे फक्त ड्रॉइंगने होतं.

अर्धवट असण्याचा फायदा इथे मिळतो. पुरं झालेलं चित्र आपल्याला निकाल सांगतं, कामाचा क्रम सांगत नाही. या फळीवर सगळे टप्पे शेजारीशेजारी उघडे पडले आहेत. सिंह जवळजवळ नुसत्या बाह्यरेषेत आहे, आतमध्ये अस्तर दिसतं. वस्त्र आणि दगडाचा हात पातळ तपकिरी छटेपर्यंत आलेत. डावीकडच्या देखाव्यात रंग लागायला लागलाय. आणि डोकं, गळा, कॉलरबोन, खांदा हे मात्र उजेड-अंधारासकट घडत घडत बरंच पुढे गेलंय. ज्या चित्रकाराला वेळेत काम उरकून पैसे घ्यायचे आहेत तो असं करत नाही. तो आधी सगळी फळी सारख्या पातळीवर आणतो. लिओनार्दो थेट जिथे चित्राचा जीव आहे तिथे भिडला. सिंह त्याला कठीण गेला असता असं मुळीच नाही. फ्लॉरेन्स शहर तेव्हा सिंह पाळायचं, नगरपालिकेच्या राजवाड्यामागे त्यांचे पिंजरे असायचे. तिथे नेहमी पंचवीस-तीस सिंह असतात असं लिओनार्दोनेच आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय. सिंह त्याने डोळ्यांनी पाहिला होता, म्हणूनच एका रेघेत उतरवून तो पुढच्या कामाला लागू शकला. गळ्याचं तसं नव्हतं.

तुमच्या मुलीसाठी गळ्यावर जरा थांबते. कानामागच्या हाडापासून एक स्नायू तिरका खाली येतो, त्याला स्टर्नोमास्टॉइड म्हणतात. खाली आल्यावर त्याचे दोन फाटे होतात. एक बारीक, दोरीसारखा ताठ, छातीच्या मधल्या हाडाला जातो. दुसरा रुंद, चपटा, कॉलरबोनला चिकटतो. दोघांच्या मध्ये एक तिकोनी खळगी पडते. मान डावीकडे वळवली की उजव्या बाजूचा हा स्नायू उठून येतो. चित्रात नेमकं हेच आहे. शिवाय उजवा हात ताणल्यामुळे त्या बाजूची कॉलरबोन हलली आहे, तिच्यावरची खोली गडद झाली आहे. म्हातारपणाने कातडी सुटली की हा सगळा सांगाडा बाहेरून वाचता येतो. वर्गात मी नेहमी बघते, मुलं गळ्यात दोन जाड दोर काढतात आणि मोकळी होतात. खळगी कुणी बघत नाही. दुसरी गंमत दाढीची. बहुतेक चित्रकारांच्या जेरोमला छातीपर्यंत पांढरी दाढी असते, म्हणजे अवघड जागा आयती झाकली जाते. लिओनार्दोच्या फळीवर आज जे दिसतं त्यात तशी दाढी नाही. गळा त्याने उघडाच ठेवला.

यावरून एक वाद आहे. इंग्लंडमधल्या विंडसरच्या, राजघराण्याच्या संग्रहातली लिओनार्दोची रेखाटनं सांभाळणारे मार्टिन क्लेटन यांनी असं मांडलं, की मानेच्या या भागाची रचना लिओनार्दोला नीट उमगली ती १५१० च्या सुमारास केलेल्या शवविच्छेदनांतून. त्याआधीच्या त्याच्या रेखाटनात ती चुकलेली आहे. मग १४८० च्या दशकातल्या चित्रात ती बरोबर कशी? म्हणजे इतक्या वर्षांनी तो परत या फळीकडे आला असणार आणि गळा पुन्हा हाताळला असणार. मला हे बरंचसं पटतं, कारण डोकं आणि गळा यांचा हात बाकीच्या चित्रापेक्षा जास्त मुरलेला वाटतो. पूर्ण मात्र पटत नाही. एखादा हाडकुळा म्हातारा मॉडेल म्हणून समोर बसवा आणि मान वळवायला सांगा. चांगल्या नजरेला दोन्ही फाटे कातडीवरूनच दिसतात, त्यासाठी सुरी लागत नाही. स्नायू का आणि कुठून येतो हे समजायला विच्छेदन लागतं, तो जसा दिसतो तसा काढायला नाही. लिओनार्दोची चुकीची आकृती ही समजुतीची आकृती होती, समोर बसवून काढलेली नव्हती, असंही असू शकतं.

गळ्यांचं वेड त्याला आधीपासून होतं, याला मात्र कागद आहे. मिलानला गेला त्या सुमारास, १४८२ च्या आसपास, त्याने आपल्याजवळच्या कामांची एक यादी केली. ती आज कोदेक्स अत्लांतिकुस नावाच्या हस्तलिखितात आहे. त्यात इतर गोष्टींबरोबर ‘म्हाताऱ्या बायकांचे बरेच गळे’, ‘म्हाताऱ्यांची बरीच डोकी’ अशा नोंदी आहेत. आणि ‘काही संत जेरोम’ हीसुद्धा. अनेकवचनात.

त्या ‘काही’मध्ये व्हॅटिकनचं हे चित्र होतं का, यावर चित्राचा काळ ठरतो: होतं तर ते आधीच्या फ्लॉरेन्सच्या दिवसांतलं, नाहीतर नंतरचं, मिलानमधलं. फ्लॉरेन्सच्या बाजूने ही यादी आहे, आणि उजवीकडच्या फटीतलं ते चर्चही. त्याचा दर्शनी भाग फ्लॉरेन्सच्या सान्ता मारिया नोव्हेल्लासारखा आहे, जो वास्तुकार अल्बेर्तीच्या आराखड्यावरून १४७० साली पुरा झाला होता. मिलानच्या बाजूने बोलतं ते लाकूड. फ्लॉरेन्समध्ये चित्रं पॉप्लरच्या फळीवर व्हायची; लिओनार्दोची तिथली चित्रंही पॉप्लरवरच आहेत. अक्रोड त्याने वापरला तो मिलानमध्ये, उदाहरणार्थ अर्मिन नावाचा पांढरा मुंगसासारखा प्राणी कडेवर घेतलेल्या बाईचं चित्र, जे आता पोलंडमध्ये क्राकोला आहे. काही अभ्यासकांनी म्हणूनच जेरोमला १४८८ ते १४९० पर्यंत पुढे आणलं. संग्रहालय साधारण १४८२ मानतं. माझ्या मते एकाच सालात कोंबायचा हट्टच बरोबर नाही. हा माणूस चित्रं वर्षानुवर्षं जवळ बाळगायचा. मोनालिसा फ्रान्सपर्यंत बरोबर नेली. जेरोमसुद्धा कधी सुरू केला, कधी भिंतीला टेकवून ठेवला, कधी परत चालवला, असाच असणार.

अर्धवट का सोडलं? करारच सापडलेला नाही, म्हणजे कुणी मागितलं होतं, किती पैसे ठरले होते, कधी द्यायचं होतं, काही हाती नाही. जवळचं उदाहरण घ्यायचं तर ‘राजांचं आगमन’ घ्या, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या ज्ञानी राजांचं मोठं चित्र. ते १४८१ साली सान दोनातो आ स्कोपेतोच्या मठाने सांगितलं होतं. करार आहे, अटी आहेत, तरी लिओनार्दो ते तपकिरी अवस्थेत सोडून मिलानला निघून गेला, आणि मठाने अखेर दुसऱ्याकडून चित्र करून घेतलं. ते आज फ्लॉरेन्सच्या उफ्फीत्सीत आहे. काही वर्षं चाललेल्या सफाईनंतर २०१७ साली ते पुन्हा भिंतीवर आलं, तेव्हा त्यातलं रेखांकन कितीतरी जास्त उघडं झालं. ती सफाई बघितल्यावर जेरोमकडेही वेगळ्या नजरेने पाहता येतं. दोन्ही चित्रांत एकच स्वभाव दिसतो. प्रश्न सुटला की लिओनार्दोचा रस कमी होत जातो. जेरोममध्ये त्याचा प्रश्न होता, मनातली यातना शरीराच्या कुठल्या भागात आणि कशी दिसते. गळा आणि चेहरा झाल्यावर तो प्रश्न सुटला. वस्त्राच्या चुण्या आणि सिंहाची आयाळ हे त्याच्या दृष्टीने मजुरीचं काम उरलं. हा अर्थात माझा तर्क, पण चित्रकारांना असं होतं हे मी आसपास खूप पाहिलंय.

नंतर या फळीची झालेली दशा अंगावर काटा आणते. पंधराव्या शतकानंतर तीनेकशे वर्षं तिचा मागमूस नाही. मग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये राहणाऱ्या अँजेलिका काउफमान या स्विस चित्रकर्तीच्या मृत्युपत्रात लिओनार्दोच्या जेरोमचा उल्लेख येतो. त्यानंतर ती पोचली कार्डिनल फेश यांच्याकडे. हे नेपोलियनचे मामा, चित्रं गोळा करण्याचं जबरदस्त वेड. त्यांच्याबद्दलची गोष्ट प्रसिद्ध आहे: फळीचा एक भाग त्यांना जुन्या बाजारात पेटीचं झाकण म्हणून सापडला, त्यात डोक्याच्या जागी चौकोनी भोक होतं, डोकं पुढे एका चांभाराच्या बसण्याच्या स्टुलाला ठोकलेलं मिळालं. गोष्टीला मीठमसाला लागला असेल, पण फळी कापली गेली होती हे खरं आहे. डोक्याभोवतीचा कापाचा चौकोन नीट बघितलं तर आजही दिसतो, तुकडे पुन्हा जोडले आहेत. कापणाऱ्याची नजर तरी दाद देण्यासारखी, नेमका पुरा झालेला भाग त्याने काढून घेतला! एक चांगलं डोकं वेगळं विकलं तर चार पैसे जास्त येतील, असा साधा हिशेब असावा. फेश १८३९ साली वारले, संग्रह विकला गेला, आणि १८५६ साली पोप नवव्या पायस यांनी हे चित्र व्हॅटिकनसाठी घेतलं. २०१९ साली लिओनार्दोच्या मृत्यूला ५०० वर्षं झाली तेव्हा ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये एकट्याने मांडलं होतं.

अशा इतिहासानंतरही ते लिओनार्दोचंच आहे याबद्दल अभ्यासकांत फारशी कुरबूर नाही. त्याच्या नावावरच्या इतर कित्येक चित्रांवरून केवढी भांडणं चालतात ते बघितलं की याचं महत्त्व कळतं. एक पुरावा तर अक्षरशः हाताचा आहे. डावीकडे वरच्या कोपऱ्यात, आभाळ आणि डोंगरांच्या भागात, त्याच्या बोटांचे ठसे आहेत. ओला रंग त्याने बोटांनीच थोपटून पसरवला, म्हणून डोंगरांच्या कडा तशा मऊ झाल्या.

आता प्रत करण्याबद्दल. प्रत करणं कमीपणाचं आहे असं हल्ली मुलांना वाटतं. तसं मानू नका, आणि जेरोमची प्रत करण्याची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० साली फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात पोचले, बरोबर छापील बायबल आणि युरोपातली चित्रं होती. दरबारी चित्रकार केशवदासने त्याच सुमारास युरोपातल्या एका खोदचित्रावरून जेरोम रंगवला, तो आज पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहे. त्या जेरोमच्या हातात दगड नाही, पुस्तक आहे. अंगाची ठेवण मिकेलांजेलोने व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलच्या छतावर रंगवलेल्या नोआवरून आलेली. मूळ खोदचित्र नुसतं काळंपांढरं. केशवदासने त्यात रंग आणि झाडंझुडपं आपली घातली. त्याने नक्कल करता करता अभ्यास केला, तसाच तुमच्या मुलीने करावा.

पहिली सूचना: चेहऱ्याच्या बाह्यरेषेपासून सुरू करायचं नाही. दगडाची मूठ, तिथून उजवा खांदा, तिथून हनुवटी, तिथून क्रूस, अशी एक हलकी तिरकी रेघ आधी कागदावर आणा. चित्राचा सगळा ताण या रेघेवर आहे. ती दोन अंशांनी जरी सैल झाली तर म्हातारा दगड उगारतोय असं न वाटता कुणाला तरी हाक मारतोय असं वाटेल. क्रूस पुसट असला तरी तो काढायचाच, नाहीतर नजरेला ठिकाण राहत नाही.

कागद पांढरा नको. मातकट रंगाचा टोन दिलेला कागद किंवा जेसोवर (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तरावर) कच्च्या अंबरचा, म्हणजे मातकट तपकिरी रंगाचा, पातळ हात मारलेला बोर्ड घ्या. त्यावर बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने अंधार बसवत जायचं, उजेड अगदी शेवटी आणि कंजूषपणे: कपाळ, गालाचं हाड, कॉलरबोनची कड, खांद्याचा माथा. मूळ चित्रातला पिवळसर-तपकिरी सूर काही अंशी जुन्या व्हार्निशचा आणि वयाचा आहे, तो सगळाच लिओनार्दोचा हेतू समजून घोटायचा नाही. डोक्याभोवतीचा चौकोनी काप छापील चित्रात सावलीसारखा दिसतो. मुलं तो इमानेइतबारे सावली म्हणून काढतात. मोठा फोटो संगणकावर उघडून ती हद्द आधी ओळखून ठेवा.

रंगाला हात लावायच्या आधी आरसा. तिने स्वतः आरशासमोर बसावं, उजवा हात बाजूला ताणावा, मान डावीकडे आणि वर न्यावी, आणि उजव्या बाजूच्या गळ्यातली ती तिकोनी खळगी बोटाने चाचपून बघावी. मग घरातल्या कुणा वयस्क, सडपातळ माणसाला विनंती करून तीच पोझ कोळशाने काढावी. आजोबा असतील तर उत्तम, फक्त त्यांना हात फार वेळ ताणायला लावू नका. हात खुर्चीच्या पाठीवर टेकवला तरी गळ्याचं काम होतं. हे झाल्यावर लिओनार्दोच्या गळ्याकडे परत आलं की प्रत्येक सावली कशामुळे पडली आहे हे कळतं. नाहीतर ती नुसती डागांची नक्कल होते.

अख्खं चित्र एका बैठकीत करायला घेऊ नये. पहिल्यांदा डोकं, गळा आणि खांदा एवढंच, मूळ मापाचं. ते जमल्यावर पूर्ण रचना लहान आकारात. तिच्यात सिंह सर्वांत शेवटी घ्यायचा: आधी रद्दी कागदावर शेपटीपासून जबड्यापर्यंतची रेघ हात बसेपर्यंत गिरवायची, मग बोर्डावर गोल ब्रशने एकदाच ओढायची आणि आत रंग भरायचा नाही.